झडती

बत्तीस वर्षं
नोटा छापणाऱ्या प्रेसच्या गेटावर
माझे खिसे रोज दुसऱ्याच कुणीतरी तपासले.
हात वर. डबा उघडा.
डब्यात उरलेली भेंडीसुद्धा बघायचे.
राग नाही यायचा. झडती म्हणजे संशय नव्हे,
रीत आहे, असं आम्ही एकमेकांना सांगायचो
जेल रोडनं सायकली हाकत.

आता सोमवार, गुरुवार, शनिवार
मशीनसमोर मी उभा.
वृषालीनं एकदाच शिकवलं : बाबा, बटण दाबलं की झालं.
बटण दाबून काही होत नसतं, बाई.
आधी नळ बघावा लागतो.
सकाळी आठनंतर पाणी येतं करंगळीएवढं,
मशीन बिचारं वाट बघतं, बघतं,
आणि मग लाल अक्षरं दाखवतं.
मग हात पुसायचे. कोरडे, अगदी कोरडे.
मग पिन.

गेल्या उन्हाळ्यात पत्र्याला बोट लागलं
की मुंगी चावल्यासारखं व्हायचं.
जुनं झालंय, म्हणाले सगळे.
मी निकुंभ वायरमनला बोलावून बोर्ड उघडायला लावला :
हिरवी वायर कशालाच जोडलेली नव्हती.
नऊ वर्षं आत नुसती लोंबत होती,
खुर्चीवरच्या एखाद्या साहेबासारखी.

पावडर एक झाकण. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे.
ड्रममध्ये वर वीतभर जागा मोकळी,
कपड्यांनाही कूस बदलायला लागते.
पिळताना मशीन चालू लागायचं दाराकडे,
पुढच्या उजव्या पायाचं बूड मी दीड आटा फिरवलं,
आता जागेवर थरथरतं.

आणि या सगळ्याच्या आधी, खिसे.
मिहिकाच्या फ्रॉकमध्ये पेन्सिलीचं टोक, चिंचोका.
वृषालीच्या कुर्त्यात पिना,
एकदा पाचशेची नोट, आधीच धुऊन निघालेली.
सवयीनं उजेडात धरली.
रंग सुटला नव्हता. जरा बरं वाटलं.
सापडलेलं सगळं मशीनवरच्या स्टीलच्या वाटीत.
ज्याचं त्यानं न्यावं.

तुषारची निळी पँट मी नेहमी गॅलरीत नेऊन झटकायचो.
अंबडच्या कंपनीतला लोखंडाचा चुरा,
बारीक, कुरळा, दाराचं रबर कापणारा.
महिन्याला खालची जाळी उघडली
की फडक्यावर चमचमायचा.

या महिन्यात जाळीत
शेंगदाण्याची सालं निघाली.
पँट झटकली, काही पडलं नाही.
गुडघ्यावर ग्रीसचा डाग नाही,
ज्याच्यावर मी लिंबू आणि भांड्यांचा साबण घासत बसायचो.
खिशात सोमेश्वरच्या पार्किंगच्या तीन पावत्या.
मंगळवार, दहा चाळीस.
बुधवार, दहा पंचवीस.
शुक्रवारची शाई फिसकटलेली.

डबा रोज भरून जातो. रिकामा होऊन येतो.

वाटीकडे बघितलं.
वाटी सगळ्यांसमोर असते.
पावत्या शर्टाच्या खिशात टाकल्या, दार लावलं,
काचेमागे पँट वर यायची, खाली जायची,
बाही कुणाची तरी तिच्या कमरेला गुंडाळलेली.
बावन्न मिनिटं मी स्टुलावर बसून होतो.
मिहिका येऊन म्हणाली, आजोबा, टीव्ही बघताय?

संध्याकाळी पँट वाळली. इस्त्री केली.
पावत्या होत्या तशा, त्याच घडीवर,
त्याच खिशात परत.
झडती घेणारा कधी कुणाच्या खिशात
काही ठेवत नाही, बत्तीस वर्षांत एकदाही नाही.
मी ठेवलं.
पाचशेची, कोरी, घडी न पडलेली.
दोन.

मग पिन काढली, नळ बंद केला,
रबराच्या खाचेतलं पाणी बोटानं पुसून घेतलं.
दाराला सुतळी बांधली,
पोर आत शिरू नये इतपत घट्ट,
आणि चार बोटं उघडं ठेवलं.
बंद ठेवलं तर आत वास धरतो.