धावदोरा

धावपट्टीवर ती खूण अजून आहे, गेल्या सप्टेंबरातली.
काळा डाग, मोकळी जागा, काळा डाग, मोकळी जागा.
जणू कुणी काँक्रीटला धावदोरा घातला.

इथून पूर्वी फवारणीची विमानं उडायची.
आता शनिवारी आम्ही येतो
उडू नये म्हणून धडपडायला.

आयडेल माझी बहीण. बावन्न वर्षांची. शाळेची बस चालवते,
पाच दिवस ताशी तीस मैल.
त्या शनिवारी दिवा हिरवा झाला, तिनं क्लच सोडला
आणि मागचा ॲक्सल लाथा झाडायला लागला
नाल ठोकताना खेचर झाडतं तसा.
शेजारच्या रांगेतला पोरगा निघून गेला,
आरशातसुद्धा न बघता.

"पट्टीवर धूळ आहे," मी म्हणालो.
"नाचता येईना," ती म्हणाली, आणि पुढचं बोललीच नाही.
"इंजिन कमी पडतंय," युनरू पार्ट्सवाला म्हणाला.
त्याला तसं म्हणायचे पैसे मिळतात.
"आडात रग्गड आहे," आयडेल म्हणाली,
"पोहरा गळतोय."

मग अख्खा हिवाळा पोहऱ्याकडे बघण्यात गेला.
शेडमध्ये रॉकेलचा हीटर,
बाहेर कॅन्ससचा वारा पत्र्याला नावं ठेवत.
खोक्यात सहाशे चाळीस डॉलर, यादी एकोणीसशेची.
शॉक, बारा खटक्यांचे, आणि प्रत्येक खटक्याला गावातलं एक मत.
आडवा दांडा, घ्यावा की नाही.
स्प्रिंगा मऊ की ताठ?
मी ताठच्या बाजूचा. जन्मभर त्याच बाजूचा.
आमचे वडील जानेवारीच्या बर्फावरून
चर्चच्या दारापर्यंत ताठ चालत जायचे.
दोनदा कंबर मोडली.
"म्हणून विचारते," आयडेल म्हणाली.

फेब्रुवारीत एका रात्री ती गाडीखाली शिरली
पाणसळ आणि दोरी घेऊन.
बराच वेळ फक्त बूट दिसत होते.
मग आतून आवाज आला:
"खालच्या आर्मचं मागचं टोक वर आहे.
चाक पुढं रेटतं तेव्हा गाडी खाली ओढली जाते
आणि टायर हलका होतो.
स्प्रिंग कुणी कापली?"

मी कापली होती. दीड वेटोळं.
अठ्ठ्याण्णव साली, गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी म्हणून.
विनोना नावाची मुलगी होती, धान्याच्या कोठारात वजन लिहायची.
तिनं गाडीकडे एकदाही पाहिलं नाही.
हे मी बुटांना सांगितलं.
बूट हसले.

तर अखेर जे घेतलं ते इतकंच:
दोन लोखंडी ब्रॅकेट, तीन-तीन भोकांचे,
आर्मचं मागचं टोक खाली आणायला.
नवे बुश, पण रबराचे.
धातूचे मी मागवले होते, तिनं परत पाठवले,
पोस्टाचा खर्च माझ्या नावावर.
जुने आर्म मी घरीच पट्टी वेल्ड करून भरले,
डोळे दोन दिवस चुरचुरत होते.
शॉक तेच.
सर्वांत खालच्या भोकात धक्का जोरदार बसतो, युनरू म्हणाला,
सगळी पोरं तिथंच लावतात.
आयडेलनं बोल्ट मधल्या भोकात घातला
आणि एक चौथाई वळसा जास्त पिळला.

एप्रिल. गव्हाला वीतभर उंची.
दिवा हिरवा झाला आणि काहीच झालं नाही,
म्हणजे लाथ नाही, किंचाळी नाही,
मागचा भाग थोडा उचलला, टायर सुरकुतले,
आणि गाडी गेली.

पोरगा तरीही जिंकला. हातभर अंतरानं.
या वेळी त्यानं आरशात पाहिलं.

वेळेची चिठ्ठी माझ्याच खिशात राहिली.
आयडेल मात्र चालत मागं आली, सुरुवातीच्या रेषेपर्यंत,
गुडघ्यावर बसली.
जुन्या धावदोऱ्याच्या शेजारी दोन नवे पट्टे,
डावा, उजवा, सलग,
बारा पावलं.
मी पावलं मोजली, तिनं अंगठा टेकवला.

"अजून गरम आहे," म्हणाली,
आणि मीही टेकवला.