जप्त शिलाई मशीन, चाकासह

पहाटे पाच चाळीसची जिंतूर-परभणी.
बोरी येईपर्यंत काचेतून काही दिसत नाही,
म्हणून मी कलमं म्हणते,
ओठ न हलवता.
कंडक्टर शेषेराव तिकीट देताना विचारतात,
"मॅडम, आज कितवं?"
पहिल्या वर्षी मी म्हणायचे, तीनशे दोन.
दुसऱ्या वर्षी कायदाच बदलला.
खून एकशे तीनवर येऊन बसला,
चारशे वीस तीनशे अठरा झालं,
आणि ठाण्यातले लोक अजून
जुन्याच आकड्यांनी एकमेकांना शिव्या देतात.

रात्रपाळी असली की ठाण्यातूनच थेट वर्गात,
खाकीवर काळा स्वेटर, मागचा बाक.
शेजारची पोरं एकवीस-बावीसची.
त्यांना पंचनामा म्हणजे दहा गुणांची टीप.
मला पंचनामा म्हणजे
दोन पंच धुंडाळत बसस्टँडवर हिंडणं,
चहा पाजून सह्या घेणं,
आणि बोटांना दिवसभर लाखेचा वास.

माझं काम मुद्देमाल खोलीत.
किल्ली कमरेला, नोंदवही मांडीवर.
निजामाच्या काळातलं एक कपाट आहे तिथं,
दारावर उर्दूत काहीतरी कोरलेलं.
ते वाचणारे शेख हवालदार रिटायर झाले,
त्याला आता तेरा वर्षं.
आत कोयते, चिठ्ठ्या बांधलेले मोबाईल,
डाव्या पायाची एक चप्पल,
हातभट्टीचा रिकामा कॅन, वास अजून भरलेला.
आणि दाराशी, कपाटात न मावलेली,
'शिलाई मशीन, काळ्या रंगाची, चाकासह, एक नग.'

हमीदाबीची.
चोर सापडला, मशीन सापडली,
तारीख तेवढी सापडत नव्हती.
महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी ती यायची,
खिडकीचे गज धरून विचारायची,
"बाई, मशीन जित्ती है ना?"
मी म्हणायचे, हौ.

एका पावसाळ्यात चाकावर तांबूस भुकटी धरली.
मी घरून तेलाची बाटली आणली,
पोरीच्या सायकलीची.
लाखेचं सील न दुखवता
वरच्या भोकातून दोन थेंब.
मग दर महिन्याला दोन थेंब.
नोंदवहीत नोंद नाही.

तिसऱ्या वर्षी टाकळकर सर शिकवत होते :
वस्तू जशी जप्त झाली, तशीच कोर्टापुढं आली पाहिजे.
मधे कुणाचा हात लागला की साखळी तुटली.
उदाहरण सांगा कुणीतरी, म्हणाले.
पोरांनी रक्ताचे नमुने सांगितले, पिस्तूल सांगितलं.
मी खाली बघून वहीत समास आखत राहिले.
दोन थेंबांनी तुटते का, सर?
हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

परीक्षेत नेमकं तेच आलं,
जप्त मालाचा परतावा, बारा गुण.
मी हमीदाबी लिहिली,
नाव न घेता, 'एक विधवा अर्जदार'.
पाच मिळाले.

अर्ज मात्र मीच लिहून दिला तिला,
घरी, रात्री, साध्या कागदावर.
तिच्या अंगठ्याच्या शाईशेजारी
माझं नाव कुठंच नाही.
माझा निकाल लागला, त्याच आठवड्यात तिचा आदेश आला.
साहेबांनी पेढे मागवले,
म्हणाले, आता आमच्यावरच केस टाकू नका म्हणजे झालं.

सुपूर्तनाम्यावर अंगठा देऊन
तिनं आधी मशीनवरून हात फिरवला,
व्यालेल्या शेळीच्या पाठीवरून फिरवावा तसा.
मग चाक ढकललं.
अडखळलं.
फिरलं.
ती थांबली. माझ्याकडे बघितलं.
"सात साल बंद थी, बाई. फिरी कैसी?"

खोट्या साक्षीचं कलम मला पाठ होतं,
जुनंही, नवंही.
मी म्हणाले, "लोखंड चांगलं असेल."

तिनं चाकाखाली बोट घातलं,
नाकाशी नेलं,
पदराला पुसलं.
मग बाहेरच्या रिक्षावाल्याला म्हणाली,
"आहिस्ता उठा, भाऊ."