आधीची शाळा

नेब्रास्कात जानेवारीची सकाळ उशिरा उजाडते.
पालास त्याआधीच येतो. सतरा वर्षांचा.
सगळी वह्यापुस्तकं पाठीवर,
कारण लॉकरचं कुलूप उघडायला कुणी शिकवलंच नाही
आणि विचारायचं कसं, ते त्याला इंग्रजीत येत नाही.

फॉर्मवर एक चौकट : आधीची शाळा.
त्यानं तीन बोटं वर केली,
मग एक अर्धं मिटलं.
ग्वाटेमालाच्या डोंगरात रस्ता वाहून गेला,
मास्तर परत आले नाहीत,
कॉफी पिकली.
एवढं सांगायला त्याला दोन आठवडे लागले.

पहिलीची पुस्तकं मी कपाटात मागे सारलीत.
त्यांतला ससा, तो फुगा
ह्या मिसरूड फुटलेल्या चेहऱ्यासमोर धरवत नाही.
म्हणून आज फळ्यावर मीच गणित लिहिलं, चित्रासकट :
एक माणूस तीन तासांत बारा टोपल्या कॉफी खुडतो.
सात तासांत किती?

तो बघत राहिला.
मला वाटलं, अडला.
मग एकेक इंग्रजी शब्द चाचपत,
नदीतल्या दगडावर पाय टाकण्याआधी हलवून बघावा तसा :
"पाऊस?"
"चढ?"
"बरोबर... मूल?"

उत्तरांच्या कागदावर अठ्ठावीस आहे.
त्यानं एकोणीस लिहिले,
नऊ उलटा.
शेजारी, न सांगता, एक टोपली काढली,
अर्धी रिकामी.

लाल पेनाला मी टोपण लावलं.
"मूल केवढं?" विचारलं.

त्यानं हात स्वतःच्या कमरेशी आणला,
मग थोडा आणखी खाली.