कशामुळे

चौथ्या प्रकरणात, एकेचाळिसाव्या पानावर
'मुळे' या शब्दाभोवती तांबडं वर्तुळ आहे
आणि समासात सरांच्या अक्षरात: कशामुळे?

सर, मुळे.
भाट्याच्या खाडीतले. कवचाचे. वाटपातले.
पाच वर्षं मी त्यांच्यावरच काम करते आहे,
तुमच्याच मार्गदर्शनाखाली.

एकेचाळिसाच्या पुढे काही नाही.
त्र्याऐंशीवर चहाच्या कपाचा गोल आहे,
त्यावरून मी धरून चालले आहे
की प्रबंध निदान तिथवर उघडला गेला.

गणपतीनंतर बघू, म्हणाले. मग दिवाळीनंतर.
मग कॉलेजात कमिटी आली, भिंती रंगल्या.
मग शिमगा, आणि त्यांच्या गावची पालखी
त्यांच्या खांद्याशिवाय देवळातून हलत नाही.
मधे तेरा उधाणं येऊन गेली, तेरा भांग.
मोजायची सवयच लागली आहे:
लांबी, रुंदी, जाडी, ओलं वजन, सुकं वजन,
केबिनबाहेरच्या बाकाला फळ्या नऊ, एक सैल.

फोनवर ते नेहमी 'आपण' म्हणतात.
आपण तक्ता बदलू. आपण पेपर पाठवू.
पेपरात आपण दोघं असतो, ते आधी.
ओहोटीला, गुडघाभर चिखलात,
'आपण' एकवचनी होतं.

परवा विभागाच्या कपाटात, वरच्या खणात
त्यांचा स्वतःचा प्रबंध सापडला.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं अर्धी उडालेली,
एकोणीसशे शहाऐंशी. हीच खाडी.
आभारात अठ्ठावीस नावं: कुलगुरू, ग्रंथपाल,
चुलते, टंकलेखक, होडीचा तांडेलसुद्धा.
आणि पद्धतीच्या प्रकरणात एक ओळ:
नमुने स्थानिक मजुरांकडून गोळा केले.

आई कालवं फोडत होती. कोयती थांबली नाही.
"केळुसकर? उंच, चष्म्याचा? टोपलीला आठ आणे द्यायचा.
एकदा कालवाच्या धारेवर पाय कापून घेतलान,
रडायलाच आला. माझ्या परकराची चिंधी बांधली मी.
नाव काय गो तुझं, म्हणाला, लिहून घेतो.
लिहिलान पण, वहीत."

त्या वहीला मी झोपेतही शोधत होते.

माझंही आता आभाराचंच पान उरलंय.
त्यातलं पहिलं वाक्य आयतं मिळतं,
ज्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय, वगैरे.
ते लिहिलं. सही हवी आहे मला.
पण पद्धतीच्या प्रकरणात, तक्ता तीनच्या वर,
एक ओळ घातली:
नमुने गोळा केले, शेवंती भाटकर, राहणार भाट्ये.
आणि ते पान घेऊन गेले.

सरांनी पेन उघडलं. तांबडंच.
नावाभोवती अर्धं वर्तुळ काढलं
आणि हात राहिला तिथेच.
पंखा खडखडत होता.
टेबलाखाली त्यांनी डावा पाय बुटातून काढला,
परत घातला.
मग पानाकडेच बघत म्हणाले,
भाटकर सासरचं. तेव्हा ती मयेकर होती.

विसरले असते तर बरं झालं असतं.
विसरलेल्या माणसाला काय बोलणार.
हे चाळीस वर्षं माहीत असणं
मला कुठल्या तक्त्यात बसवता येईना.

सही सोमवारी, म्हणाले. शिक्का घरी राहिलाय.

रात्री पातेल्यात मुळे भिजत होते,
तोंडं किलकिली करून रेती सोडत होते.
आईने विचारलं, झालं काय गो?
सोमवारी, म्हटलं.
तिने बोटांवर तिथी मोजली.
"सोमवारी भांग," म्हणाली. "पाणी सुकायचं नाही."