ओला दर, कोरडा दर

सुताच्या काट्यावर मी उभा राहिलो
तेव्हा गोदामात कुणी नव्हतं.
इराप्पा होता, पण तो चहा गाळत होता.
चौऱ्याण्णव किलो सहाशे ग्रॅम.
काटा खरा आहे,
गेल्याच महिन्यात शिक्का मारून आणलाय.

वजन विचारणारी ती पहिलीच शाळा.
बाकीच्यांनी आधी विचारलं,
पैसे कार्डाने भरणार की बँकेतून.
फ्लोरिडाने समुद्राचे फोटो पाठवले, चौदा.
फिलिपिन्सने कळवलं, जेवणात भात मिळेल.
एकाने तर मला मेलमध्येच कॅप्टन करून टाकलं,
कॅप्टन चिलवेरी, सीट संपत आल्या आहेत.

मी अक्कलकोट रोडवर लूमचे सुटे भाग विकतो.
आमच्या घरात उडणारी वस्तू एकच होती, धोटा.
नान्नांच्या मागावर तो साठ इंच उडायचा
आणि परत यायचा, दिवसभर.
एकदा निसटला.
शेजारच्या मागावरच्या लक्ष्मय्याला कपाळावर तीन टाके.
तेव्हापासून मला माहीत आहे
उडण्यात परत येण्याचा भाग किती असतो.

दर विचारायला मी रात्री बसतो, शटर अर्धं ओढून.
तासाचा दर ओला की कोरडा?
ओला म्हणजे पेट्रोल धरून,
कोरडा म्हणजे पेट्रोल तुमचं.
सोलापूरच्या माणसाला
हे दोन शब्द समजावून सांगू नका.
लँडिंगचे वेगळे का? परीक्षकाचे कोण देणार?
पाऊस पडला तर बसल्याचे पैसे लागतात का?
न्यूझीलंडने उत्तर द्यायला नऊ दिवस लावले,
आणि उत्तरात पुन्हा तेच पत्रक.

अम्मा विड्या वळायची, आता नजर पुरत नाही.
पण बोटं हलतात, रिकामीच.
"किती तास शिकवतात?"
निदान पंचेचाळीस.
तिने मनात पानं मोजली.
"चार हजार विड्या," म्हणाली, "फार नाही.
मग नोकरी लागते?"
नाही अम्मा, हे लायसन्स खासगी.
पगार घ्यायचाच नाही, असा नियम आहे.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "नियमच असेल तर काय करणार."

माळावरच्या त्या शाळेचं गाव
मला अजून नीट उच्चारता येत नाही.
दक्षिण आफ्रिका, एवढंच सांगतो सगळ्यांना.
फोनवर मिसेस फान वेक, मागे कुत्रं भुंकत होतं.
आमचं गाव उंचावर आहे, म्हणाली,
उन्हाने हवा पातळ होते, विमान रडत चढतं.
बेचाळीस वर्षं मी याच उन्हात काढली,
हवा पातळ होते हे मला कुणी बोललं नव्हतं.
चौऱ्याण्णव किलो आणि वर मास्तर,
धाकट्या विमानाला झेपणार नाही.
थोरलं घे, महाग आहे. नाहीतर सहा किलो उतरव.
आणि ऑगस्टमध्ये येऊ नकोस.
वारा सुटतो, तू नुसता हॉटेलात बसशील.
एप्रिलमध्ये ये.
इथे परत गेल्यावर तुमच्या परीक्षा वेगळ्या,
त्यातलं मला काही माहीत नाही,
तुमच्या सरकारला विचार.

फोन ठेवला तेव्हा चहा थंड.
हलकुडे शेटजी सूत घेताना
कोन हातात फिरवत नाहीत, व्यापाऱ्याकडे बघतात.
गाठ आधी दाखवली त्याचं घ्यायचं,
गाठच नाही म्हणाला की पिशवी परत.
मी पहिला हप्ता भरला.
होटगी रोडवरून घरी येताना
कुंपणापाशी स्कूटर दोन मिनिटं उभी केली.
धावपट्टीवर एक टिटवी, ओरडत, चालत.

आता दर सोमवारी काटा.
शेंगाचटणी चालू आहे, तेल बंद,
कडक भाकरी दुधाशिवाय.
इराप्पा आकडे लिहून ठेवतो,
त्याला वेगळी वही मागितली तर हसला.
सुताच्या आवक रजिस्टरातच आहे माझी ओळ,
वीस नंबर दुहेरी, पन्नास किलो,
त्याखाली दहा नंबर, पन्नास,
त्याखाली चिलवेरी नरसिंग,
एक्क्याण्णव किलो चारशे,
शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलंय
माल ओला.