उजवी बाजू

कोंडवाड्याच्या पावतीवर एवढंच होतं:
घोडा, अबलख, अंदाजे नऊ वर्षांचा.
चोरांकडून सोडवला. मालक आला नाही.
पुठ्ठ्यावर निळ्या रंगात एकतीस.

न्टाटे सेखोन्यानांनी त्याचा ओठ वर करून पाहिला.
"नऊ? बारा तरी. आणि पोरी,
दात फक्त वय सांगतात."

मला औषधांसाठी घोडा हवा होता.
सेमोन्कोंगच्या वरच्या पाच वस्त्या, दोन नद्या,
आणि दवाखान्यापर्यंत चालवत नाही
अशी सतरा माणसं.
आठ महिने पगारातून काढून ठेवले
आणि घरी आणलं ते हे:
खोगीर दिसलं की थरथरणारं कातडं.

पहिल्या आठवड्यात तीनदा पडले.
रिकिबीत पाय ठेवायचा अवकाश,
तो असा बाजूला व्हायचा
जणू मी न विचारता त्याच्या घरात शिरतेय.

गावात जो तो शहाणा.
शर्यतीचा असणार. नाही, ओझ्याचा.
टोपी उचलली की मान फेकतो,
म्हणजे कुणी टोपीनं झोडपलंय.
पण लगाम पुढे केला की आपणहून तोंड उघडतो,
म्हणजे कुणाचा तरी हात हलकाही होता.
ही दोन माणसं होती की एकच,
याचा विचार मी करायचे
रात्री चुलीत शेणी सारताना.

घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेना,
तेव्हा मी खोगीर आढ्याला टांगलं.

दोन महिने चालत गेलो आम्ही.
औषधांची पोती त्याच्यावर, मी शेजारी, दोर सैल.
मेंढ्यांमागची पोरं ओरडायची,
"नर्सबाई, कोण कुणाला नेतंय?"
मी म्हणायचे, विचारून सांगते.
नदीशी तो थांबला की थांबायचे,
पाणी बघू द्यायचे त्याला पोटभर.
बुटले, म्हणायचे. बुटले.
आमच्या सेसोथोत हळू म्हणायचं तर एवढंच.

एकदा माझ्या ब्लँकेटच्या टोकात नाक खुपसून
त्यानं लांब श्वास सोडला.
बोटं गारठली तरी मी हलले नाही.
दुसऱ्या दिवशी मागचे पाढे पंचावन्न.

जूनमध्ये बर्फ पडलं.
परतताना अरुंद वाटेवर माझा घोटा मुरगळला.
डावीकडे घळ, तिथं उभं राहायलाही जागा नाही.
उजवीकडे कमरेएवढा खडक,
त्यावर मी कशीबशी चढून बसले,
नुसती बसले, त्याच्या आयाळीला धरून.
तो थबकला.
मग पाऊल पाऊल सरकत
अंग खडकाला समांतर आणलं,
मधे वीतभर जागा ठेवली, मोजल्यासारखी,
आणि चारी पाय रोवले.

कुणीतरी उजवीकडून चढत होतं.
डावा पाय अधू असलेलं,
किंवा खूप म्हातारं,
दगड शोधत जाणारं.
कुणीतरी याला ही वीत शिकवली होती,
रोज, न चिडता.
आणि मी डावीकडून झटत होते
कारण सगळे डावीकडून चढतात.

खोगिराशिवाय बसले. पोती भिजलेली.
पोटातलं पाणी हलू नये अशी चाल
होती त्याच्याकडे, कुठून आणलेली,
ती त्यानं त्या संध्याकाळी काढून दिली.

टोपीचं अजून जमलेलं नाही.
मी ती लांबून काढते, त्याला दिसेल अशी.
आणि दोन नद्यांच्या मधे एक फाटा आहे,
पूर्वेला, सरहद्दीकडे जाणारा,
तिथं तो थांबतोच. कान पुढे.
एकदा दोन पावलं गेला त्या वाटेनं.
मी टाच लावली नाही.
सतरा माणसांना आता सवय झालीय
औषध जरा उशिरा येतं याची.

न्टाटे परवा म्हणाले, "वर्ष होत आलं,
अजून नाव ठेवलं नाहीस त्याचं?"

म्हटलं, ठेवलेलं असणार.