पट्टी

चिपळूणला, नाक्याच्या पुढं,
टायरवाल्याच्या माडीवर आमची कचेरी.
कंत्राटी माणसं पुरवतो आम्ही:
लोट्याला फिटर, जयगडला वेल्डर,
दाभोळला परात्या बांधणारे.
मी बिलं टाइप करते.
दोन फाइली आहेत माझ्याकडं,
एक कंपनीला जाते, एक माणसांना.
एका घरात अबोला धरलेल्या जावांसारख्या
त्या कधी समोरासमोर येत नाहीत.

माझे बाबा केळशीला. एकेचाळीस कलमं.
दलालाची पट्टी यायची टपालानं,
पिवळा कागद, जांभळा कार्बन:
भाडं इतकं. हमाली इतकी. तोलाई. वाराई.
दलाली, आणि तिच्यापुढं टक्का.
भाव ठरायचा तो मात्र रुमालाखाली,
दोघांची बोटं एकमेकांना दाबत
आणि आंबा बाजूला मुकाट.
बाबा पडवीत बसून पट्टी मोठ्यानं वाचत,
ओळीगणिक एक शिवी.
आई म्हणायची, पुरे करा, शेजारी ऐकतात.
ते म्हणायचे,
शिवी द्यायला तरी आकडा दिसावा लागतो.

मंगळवारी रियाज परकार आला.
सिक्स-जी वेल्डर, शर्टाच्या बाहीला
ठिणग्यांची बारीक भोकं.
हजेरीच्या कागदांत
कंपनीच्या बिलाचं एक पान गेलं होतं.
चूक माझीच.
पाकिटातून काढून त्यानं ते टेबलावर ठेवलं,
घडीच्या रेघा बोटानं सपाट केल्या.
"हितं रोजाचे एकवीसशे पन्नास लिहिलेत.
माझ्या हातात येतात बाराशे चाळीस.
ताई, मधले कुठं राहतात?"

राहतात म्हणाला.
जणू ती कुणी माणसं आहेत,
वाडीचं नाव कळलं की जाऊन भेटता येईल.

उत्तर मला पाठ आहे.
नलावडे साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं:
"सर्व्हिस चार्ज. सगळ्यांनाच असतो."
मग पाण्याचा ग्लास पुढं करायचा.
मी ग्लास पुढं केला.
तो प्यायला नाही.
"घ्या की, कोण नको म्हणतंय?
तवसाळच्या फेरीबोटीवर पाटी आहे,
माणसाचे इतके, दुचाकीचे इतके,
शेळीचेसुद्धा.
मी रोज वाचतो नि रोज देतो.
कधी भांडलोय?"

नऊशे दहा.
त्यात विमा आहे, तो खरा.
फंड आहे, त्यातला कंपनीचा वाटाही
ह्याच्याच रोजातून.
बूट आहेत, एकदा दिलेले,
दर महिन्याला कापलेले.
"इतर" आहे.
इतर दर दिवाळीला जरा जाड होतं.
आणि माझा पगार आहे.
तो नाही असं कसं म्हणू?

साहेब जेवायला गेले होते.
खाली कुणाच्या तरी चाकात हवा भरत होती,
तो आवाज चढत चढत थांबला.
मी मॉनिटर त्याच्याकडं फिरवला.
उन्हाची तिरीप येत होती म्हणून,
असं सांगितलं असतं कुणी विचारलं तर.
दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या.
त्यानं माझं पेन घेतलं, कागद मागितला नाही,
तळहात पसरला.

मी वाचायला लागले,
मोठ्यानं, एकेक ओळ,
प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबत,
शिवीपुरती जागा ठेवून.